पेटंट असलेल्या फळझाडाचे कलम बांधण्यापूर्वी : अमेरिकेतील परसबागेसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या परसात आज सफरचंद, अंजीर, डाळिंब, द्राक्ष किंवा स्ट्रॉबेरी दिसते आणि झाड रुजले की पाठोपाठ कलमे बांधण्याची हौसही येते. ओळखीच्यांच्या झाडाची काडी आणावी, आपल्या खुंटावर (म्हणजे मुळे असलेल्या खालच्या झाडावर) पाचर कलम करावे आणि जगलेले कलम पुढे आणखी कोणाला द्यावे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज असल्यामुळे त्यासाठी कोणाची परवानगी लागत असेल, हे मनातही येत नाही. अमेरिकेत काही वाणांच्या बाबतीत ती लागते. ती कोणत्या वाणांना लागते, किती काळ लागते आणि आपल्या हातातले झाड त्यांत मोडते की नाही, हे कात्री चालवण्यापूर्वी कसे तपासावे, याची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे. हा कायदेशीर सल्ला नाही. व्यवसाय म्हणून रोपे विकायची असतील तर वकिलाला विचारावे. घरच्या बागेसाठी मात्र बहुतेक प्रश्नांची उत्तरे थोड्या वेळात आणि फुकट मिळतात, आणि ती पाहिल्यावर निषिद्ध वाणांपेक्षा मोकळ्या वाणांची यादीच कितीतरी मोठी निघते.

आधी कायदा समजून घ्या

वनस्पतींना पेटंट देणारा अमेरिकी कायदा २३ मे १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या सहीने अमलात आला. त्याआधी नवे फळ तयार करणाऱ्याची अडचण अशी होती, की पहिले झाड विकताक्षणीच त्याचे सारे श्रेय आणि सारी कमाई हातातून निसटे, कारण घेणारा त्याच झाडाच्या काड्यांवरून हजार झाडे करू शकत असे. कॅलिफोर्नियाचे प्रसिद्ध फळसंकरक, म्हणजे संकर करून नवे वाण काढणारे, ल्यूथर बरबँक यांनी ही तक्रार आयुष्यभर केली; १९२६ मध्ये ते वारले आणि त्यानंतर झालेल्या या कायद्याला थॉमस एडिसन यांनी जाहीर पाठिंबा दिला. बरबँक यांच्या वाणांना पुढे मरणोत्तर सोळा पेटंटे मिळाली.

कायदा झाल्यानंतरही संकरकाची अडचण पुरती संपली नाही. कॅलिफोर्नियातील ला हाब्रा हाइट्स येथे टपाल खात्यात काम करणाऱ्या रुडॉल्फ हास यांच्या बागेत आवोकाडोचे एक रोप उगवले आणि त्याला १९३५ मध्ये पेटंट क्रमांक १३९ मिळाला. परंतु बागायतदार परवानाधारक रोपवाटिकेतून एक झाड विकत घेत आणि त्याच्या काड्यांनी सगळी बाग कलम करून टाकत. हास यांच्या हाती त्या पेटंटातून अगदी थोडे पैसे आले. आज जगभर विकला जाणारा बहुसंख्य आवोकाडो त्या एका झाडाची संतती आहे. घरच्या बागेतील एका कलमाने संकरकाचे फारसे बिघडत नाही हे खरे असले, तरी हास यांचे नुकसान करणारी प्रत्येक काडीही सुटी पाहिली तर एकच होती, हे मला विसरता येत नाही.

हे पेटंट अशा नव्या आणि वेगळ्या वाणाला मिळते, ज्याची शाकीय अभिवृद्धी (बी न पेरता काडी, डोळा, मूळ अशा भागांपासून नवे झाड करणे) करून संशोधकाने तो वाण तसाच टिकतो हे दाखवलेले असते. संकरातून आलेले, बागेत आपोआप उगवलेले किंवा एखाद्या फांदीवर अचानक बदल होऊन मिळालेले वाणही त्यात येतात. रानात सापडलेल्या वनस्पतीला आणि बटाट्यासारख्या कंदावरून वाढवल्या जाणाऱ्या पिकाला मात्र ते मिळत नाही.

पेटंटधारकाला मिळणारा हक्क दुसऱ्याला रोखण्याचा असतो. त्याच्या परवानगीवाचून त्या वाणाची शाकीय अभिवृद्धी करता येत नाही, आणि तशी केलेली झाडे किंवा त्यांचे भाग वापरता, विकता, विक्रीला ठेवता किंवा देशात आणता येत नाहीत. ‘भाग’ हा शब्द १९९८ च्या दुरुस्तीने घातला गेला, म्हणून आज विनापरवाना केलेल्या झाडाचे फळही हक्काच्या कक्षेत येते. शाकीय अभिवृद्धी म्हणजे नेमके काय, याची पेटंट कार्यालयाची यादी बरीच लांब आहे: छाट कलम, डोळा भरणे, खुंटावरचे कलम, दाब कलम, गड्डे व मुळांचे विभाजन, रनर (स्ट्रॉबेरीसारख्या रोपाचे जमिनीवर सरपटणारे धुमारे), ऊतिसंवर्धन (प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपे वाढवणे), इतकेच काय पण बीजांडाच्या ऊतीतून तयार होणारे मातृसदृश भ्रूणदेखील त्यात आहेत. आपल्याकडची गुटी कलम, भेटकलम आणि मृदुकाष्ठ कलम यांतले काहीही या यादीच्या बाहेर राहत नाही.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक पुढच्या मुद्द्यावर होते. ‘मी विकत नाही, घरच्यापुरते एकच झाड करतो, मग काय हरकत?’ असे बहुतेकांना वाटते, आणि या पेटंट कायद्यात तशी सूट कोठेही दिलेली नाही. गैरसमजाला एक कारणही आहे. अमेरिकेत वनस्पती-वाण संरक्षणाचा १९७० चा एक निराळा कायदा आहे. तो मुळात बियांवर वाढणाऱ्या पिकांसाठी होता, २०१८ च्या कृषी कायद्याने शाकीय अभिवृद्धीची पिकेही त्यात आली, आणि त्यात खासगी व बिगरव्यापारी कृतीला स्पष्ट मोकळीक आहे. त्या कायद्यातले वाचलेले वाक्य लोक पेटंटाला लावतात. एकाच वाणाला दोन्ही प्रकारचे संरक्षण असू शकते, त्यामुळे एकीकडची सूट दुसरीकडे चालत नाही.

काय बिनदिक्कत करता येते

पेटंट असलेले झाड रीतसर विकत घेतले, की ते झाड तुमचे आहे. त्याची छाटणी करा, ते उपटून दुसऱ्या वाफ्यात लावा, घर बदलताना बरोबर न्या, त्याची फळे खा, वाटा, मुरंबा करा, शेतकरी बाजारात विका. पेटंटधारकाला त्याचा मोबदला झाडाच्या किमतीतून मिळून गेलेला असतो. त्या झाडावर दुसऱ्या, मोकळ्या वाणाची काडी बांधून एकाच झाडावर दोन-तीन वाण घेण्यासही काही आडकाठी नाही, कारण अभिवृद्धी त्या मोकळ्या वाणाची होते.

फळातले बी पेरता येते. सफरचंद, नासपती, पीच, प्लम यांचे बी परागीभवनातून येत असल्यामुळे उगवलेले रोप हे मातृवृक्षाची प्रत नसते आणि या पेटंटाची मर्यादा शाकीय अभिवृद्धीपाशी संपते. ‘हनीक्रिस्प’च्या बीपासून ‘हनीक्रिस्प’ मिळत नाही. तसेच पेटंट वाणाच्या फुलातील परागकण घेऊन हौशीने संकर करणेही या पेटंटाआड येत नाही. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. लिंबूवर्गातील अनेक वाणांच्या बियांत मातृसदृश भ्रूण असतात आणि असे रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत निघते. वरच्या यादीत हा प्रकार अभिवृद्धीत धरलेला असल्यामुळे पेटंट असलेल्या वाणाचे बी पेरताना ‘बी म्हणजे सुटका’ असे गृहीत धरू नये. दुसरे असे, की काही वनस्पतींवर वनस्पती-पेटंटाऐवजी सर्वसाधारण शोधाचे पेटंटही घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते वैध ठरवले आहे आणि त्याच्या दाव्यांत बियाही येऊ शकतात. फळझाडांत हा प्रकार कमी आढळतो, पण लेबलवर फक्त ‘पेटंट’ असे लिहून निराळ्या धाटणीचा क्रमांक दिला असेल तर तो वेगळा शोधावा.

पहिली पायरी : लेबल जपून वाचा आणि जपून ठेवा

रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी अडकवलेली असते. पुष्कळजण ती लावणीच्या दिवशीच फेकून देतात. ती ठेवा, किंवा निदान तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पीपी’ ही अक्षरे आणि त्यापुढे चार-पाच आकडे असतील तर तो वनस्पती-पेटंटाचा क्रमांक होय. ‘पीपीएएफ’ असेल तर अर्ज केलेला आहे पण पेटंट अजून मंजूर व्हायचे आहे. अर्ज प्रलंबित असताना पेटंटभंगाचा दावा लावता येत नाही, तरी असा वाण मंजुरीच्या वाटेवरच असतो. मंजुरीनंतर केलेले प्रत्येक नवे कलम हक्काच्या आड येते, आणि अर्ज प्रसिद्ध होऊन त्याची कल्पना मिळाल्यानंतर केलेल्या कलमांचाही मोबदला मागे जाऊन मागितला जाऊ शकतो. म्हणून ही अक्षरे दिसली की पेटंट आहे असे धरूनच चालावे. ‘अभिवृद्धीस मनाई’ अशा अर्थाची ओळही पुष्कळदा असते.

लेबलवर क्रमांक नसेल तर पेटंट नाही असे सिद्ध होत नाही. पट्टी बदललेली असू शकते, दुकानाने स्वतःची लावलेली असू शकते, आणि शेजाऱ्याने दिलेल्या काडीला तर पट्टीच नसते. अजाणतेपणी केलेला भंगही भंगच असतो. हेतू काय होता हे पेटंट कायदा त्यासाठी विचारत नाही.

दुसरी पायरी : वाणाचे खरे नाव शोधा

लेबलवर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव हे वाणाचे नाव असेलच असे नाही. वर्तुळातील ‘आर’ किंवा वर चढवलेली ‘टीएम’ ही अक्षरे शेजारी असतील तर ते विक्रीसाठी घेतलेले व्यापारचिन्ह असते, आणि वाणाचे नाव बारीक अक्षरांत, बहुधा एकेरी अवतरणांत, खाली दडलेले असते. ‘पिंक लेडी’ या नावाने विकले जाणारे सफरचंद हे ऑस्ट्रेलियात जॉन क्रिप्स यांनी तयार केलेल्या ‘क्रिप्स पिंक’ वाणाचे असते. ‘स्वीटँगो’चा वाण ‘मिनेइस्का’, ‘जॅझ’चा ‘सायफ्रेश’, ‘एन्व्ही’चा ‘सायलेट’, आणि ‘कॉस्मिक क्रिस्प’चा ‘डब्ल्यूए ३८’. पेटंटाच्या कागदपत्रांत वाणाचेच नाव असते, म्हणून व्यापारचिन्हाने शोध घेतला तर काही सापडत नाही आणि ‘पेटंट नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पेटंट आणि व्यापारचिन्ह यांचे आयुष्यही वेगवेगळे असते. पेटंट ठरावीक वर्षांनी संपते आणि वाण सर्वांचा होतो. व्यापारचिन्ह वापरात ठेवले आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण केले तर कितीही काळ टिकते. ‘क्रिप्स पिंक’चे अमेरिकेतील पेटंट, क्रमांक ७८८०, १९९२ साली मंजूर झाले होते आणि केव्हाच संपले आहे, म्हणून त्या मूळ वाणाचे कलम घरी बांधता येते. मात्र अशी कलमे किंवा त्यांची फळे ‘पिंक लेडी’ या नावाने विकता येणार नाहीत. घरच्या बागेत नावाची पाटी लिहितानाही मी वाणाचेच नाव लिहावे असे सुचवेन; पुढे कोणी काडी मागितली की त्याला योग्य नावाने शोध घेता येतो.

तिसरी पायरी : पेटंट उघडा आणि तारीख मोजा

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची सार्वजनिक शोधसेवा आणि गूगल पेटंट्स या दोन्ही ठिकाणी सर्व वनस्पती-पेटंटे विनामूल्य पाहता येतात. क्रमांक माहीत असेल तर देशाची दोन अक्षरे, त्यापुढे ‘पीपी’ आणि लगेच आकडे असे सलग लिहून शोधावे. २००१ नंतरच्या पेटंटांच्या क्रमांकाअखेर ‘पी२’ किंवा ‘पी३’ असे जोडलेले दिसेल. ‘पी३’ म्हणजे अर्ज मंजुरीआधीच प्रसिद्ध झाला होता, ‘पी२’ म्हणजे झाला नव्हता. क्रमांक माहीत नसेल तर वाणाचे नाव, फळाचे इंग्रजी नाव आणि ‘वनस्पती पेटंट’ या अर्थाचे इंग्रजी शब्द असा शोध घ्यावा. वर्णनात पाने, फुले, फळाचा रंग, गोडी, पिकण्याचा काळ असा तपशील असतो आणि बहुधा रंगीत छायाचित्रेही असतात, त्यामुळे आपल्या झाडाशी पडताळाही करता येतो. हे दस्तऐवज वाचायला खरोखर चांगले असतात. अनेकांत वाणाचे आईबाप आणि त्याच्या जन्माची हकिगत दिलेली असते.

पहिल्या पानावर दोन तारखा असतात: अर्ज दाखल केल्याची आणि पेटंट मंजूर झाल्याची. ८ जून १९९५ पासून दाखल झालेल्या अर्जांचे पेटंट दाखल तारखेपासून २० वर्षे चालते. आधीच्या एखाद्या अर्जाचा पुढचा भाग म्हणून हा अर्ज केलेला असेल तर त्या आधीच्या अर्जाची तारीख धरावी लागते. ती पहिल्याच पानावर संबंधित अर्जांच्या रकान्यात असते. ८ जून १९९५ रोजी जी जुनी पेटंटे अमलात होती त्यांना मंजुरीपासून १७ वर्षे किंवा दाखल तारखेपासून २० वर्षे यांपैकी जी मुदत उशिरा संपेल ती मिळाली.

एक हिशेब करून पाहू. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘हनीक्रिस्प’चा अर्ज १९८८ मध्ये दाखल झाला आणि १९९० मध्ये पेटंट क्रमांक ७१९७ मिळाला. मंजुरीपासून १७ वर्षे म्हणजे २००७, दाखल तारखेपासून २० वर्षे म्हणजे २००८. उशिराची मुदत २००८, म्हणजे ‘हनीक्रिस्प’ तेव्हापासून मोकळे आहे, जरी काही दुकानांच्या लेबलांवर जुना क्रमांक अजून छापलेला आढळला तरी. याउलट वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूए ३८’ला पेटंट क्रमांक २४२१० हा २०१४ मध्ये मिळाला, त्याची मुदत २०३० च्या दशकात जाते आणि तोवर ‘कॉस्मिक क्रिस्प’ची काडी कोणी कितीही प्रेमाने दिली तरी नाकारावी. क्रमांकावरून वयाचा ढोबळ अंदाज येतो, पण निर्णय तारखेवरूनच घ्यावा.

सर्वसाधारण शोधांच्या पेटंटांना मुदतभर ठरावीक टप्प्यांवर शुल्क भरावे लागते आणि ते चुकले की पेटंट लवकर संपते. वनस्पती-पेटंटांना असे शुल्क नाही, त्यामुळे ‘कदाचित मालकाने सोडून दिले असेल’ या आशेवर राहू नये.

चौथी पायरी : झाडाचे इतर भाग तपासा

कलमी झाड म्हणजे दोन वाण. वरचा वाण मोकळा असला तरी खालच्या खुंटाला पेटंट असू शकते. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे कॉर्नेल विद्यापीठ आणि अमेरिकी कृषी खाते यांनी तयार केलेल्या ‘जी’ मालिकेतील सफरचंदाच्या खुंटांपैकी अनेकांना पेटंट होते वा आहे. त्यांच्या बुंध्यालगतचे फुटवे मातीत दाबून नवे खुंट करण्याआधी त्या त्या क्रमांकाची मुदत पाहावी. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्रातून आलेले ‘एम ९’, ‘एमएम १०६’, ‘एमएम १११’ हे जुने खुंट मोकळे आहेत आणि हौशी माणसाला सहसा तेवढे पुरतात.

फांदीबदलातून आलेले वाण ही अधिक फसवी जागा आहे. ‘फुजी’ हा जपानचा वाण १९६२ मध्ये नाव देऊन बाहेर आला, ‘गाला’ही जुना आहे, पण आज रोपवाटिकेत ‘फुजी’ किंवा ‘गाला’ म्हणून मिळणारे झाड बहुधा त्यांच्या लालभडक किंवा लवकर पिकणाऱ्या फांदीबदलाचे असते आणि त्या बदललेल्या वाणाला स्वतःचे पेटंट असते. ‘गाला तर केव्हाचा मोकळा’ एवढे ऐकून शेजाऱ्याच्या झाडाची काडी कापू नये. त्या झाडाचे पूर्ण नाव विचारावे. नाव सांगता येत नसेल, तर मूळ वाण निश्चितपणे देणाऱ्या जुन्या फळबागेतून किंवा काडी-विक्रेत्याकडून काडी घेणे बरे.

स्ट्रॉबेरी आणि ब्लॅकबेरी यांच्याबद्दल थोडे अधिक

या दोन पिकांत अभिवृद्धी माणसाने न करताही होते, म्हणून येथे लोक गोंधळतात. स्ट्रॉबेरीचे रोप उन्हाळ्यात रनर सोडते, रनरच्या टोकाला नवे रोप मुळे धरते, आणि पेटंट कार्यालयाच्या यादीत रनर स्पष्टपणे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेल्या स्ट्रॉबेरी वाणांवरून एका खासगी संकरण कंपनीशी झालेला खटला २०१७ मध्ये ज्यूरीपुढे गेला आणि निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला, यावरून या पिकातील हक्क किती गांभीर्याने राखले जातात हे दिसते. पेटंट वाण लावला असेल तर रनर कोवळे असतानाच खुडावेत. रोपाची ताकद फळात जाते आणि वाफाही दाटत नाही, त्यामुळे बागेच्या दृष्टीनेही ते चांगलेच. रनर मुद्दाम कुंडीत दाबून रोपे करणे आणि वाटणे मात्र सरळसरळ अभिवृद्धी आहे. स्वतःची रोपे दरवर्षी करत राहायची असतील तर ‘अर्लीग्लो’ (१९७५) किंवा ‘चँडलर’ (१९८३) यांसारखा जुना वाण निवडावा. दोन्ही आजही चवीला आणि उत्पन्नाला समाधान देतात.

ब्लॅकबेरीची लांब छडी वाकून टोक मातीला लागले की तेथे मुळे फुटतात. अमेरिकी कृषी खात्याने १९९६ मध्ये दिलेला ‘ट्रिपल क्राउन’ पेटंटाविना आहे, अर्कान्सा विद्यापीठाच्या ‘नॅवाहो’चे जुने पेटंट संपले आहे, तर त्याच विद्यापीठाच्या २००७ मधील ‘नॅचेझ’ला पेटंट असल्यामुळे त्याची तारीख पाहिल्यावाचून छडी दाबू नये. पेटंट वाणाच्या छड्या तारेवर बांधून ठेवल्या की टोके मातीपर्यंत पोहोचतच नाहीत.

पाचवी पायरी : काडी घेताना आणि देताना

हिवाळ्याच्या अखेरीस अनेक गावांत हौशी फळबागायतदारांचे काडी-देवाणघेवाणीचे मेळावे भरतात. तेथे पेटंट वाणांच्या काड्या आणू नका असे आयोजक आधीच सांगतात. काडी देताना पट्टीवर वाणाचे नाव, कोठून मिळाला आणि कोणत्या साली हे लिहावे. नाव माहीत नसलेली काडी देऊच नये. पेटंट असल्याचे ठाऊक असताना कलमासाठी काडी दिली, तर बांधणाऱ्याबरोबर देणाराही जबाबदार ठरू शकतो. काही विक्रेते काडी किंवा रोप विकताना पुढे अभिवृद्धी न करण्याचा करारही करून घेतात. अशा करारावर सही केली असेल तर तो पेटंटाखेरीज वेगळा पाळावा लागतो.

पेटंट वाण हवाच असेल तर सोपा मार्ग म्हणजे परवानाधारक रोपवाटिकेतून दुसरे झाड विकत घेणे. पेटंटधारक विद्यापीठ असेल तर त्याच्या परवाना विभागाला पत्र लिहून एखाद्या कलमाची परवानगी मागता येते. मिळाल्यास ती लेखी घ्यावी.

सरकारी जनुककोशांबद्दल नवख्यांना कुतूहल असते. जिनिव्हा येथे सफरचंद व द्राक्षे, ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे नासपती व बेरी, कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अंजीर, डाळिंब व द्राक्षे असे संग्रह कृषी खाते सांभाळते. त्यांतील सामग्री संशोधन आणि शिक्षणासाठी दिली जाते; घरच्या बागेसाठी त्यांच्याकडे मागणी नोंदवू नये.

पेटंट संपले तरी रोगबंदी उरते

२००५ मध्ये फ्लोरिडात आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबूवर्गावरील ‘हुआंगलाँगबिंग’ हा जीवघेणा रोग आढळल्यापासून तेथील रोगबंदी, म्हणजे रोग पसरू नये म्हणून झाडे व काड्या हलवण्यावरची बंदी, कडक आहे. मित्राच्या संत्र्याची काडी मोकळ्या वाणाची असली तरी घेऊ नये. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथील लिंबूवर्ग संरक्षण कार्यक्रमाकडून रोगमुक्त डोळकाड्या (डोळा भरण्यासाठीच्या काड्या) सामान्य माणसालाही मागवता येतात. भारतातून येताना सामानात आंब्याची किंवा डाळिंबाची काडी आणणे हा तर निराळाच गुन्हा ठरतो, कारण लागवडीच्या सामग्रीला आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात नियमांची पूर्तता लागते.

भारतातील आणि युरोपातील नियम येथे लावू नका

भारतात वनस्पतींना पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याचे कलम ३ (जे) ते वगळते. तेथे २००१ चा वनस्पती-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, ज्यात झाडे व वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते आणि कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणेही राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व ब्रँडविना विकण्याचा हक्क आहे. युरोपीय संघात झाडे व वेलींना ३० वर्षांचे संरक्षण असले तरी खासगी आणि बिगरव्यापारी कृती मोकळ्या ठेवल्या आहेत. पुण्यातील किंवा बर्लिनमधील नातेवाइकाने ‘आमच्याकडे चालते’ म्हणून सांगितलेली गोष्ट त्याच्या ठिकाणी खरी असेल. न्यू जर्सीतल्या परसात मात्र अमेरिकेचाच कायदा चालतो.

आधीच कलम बांधले असेल तर

घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेत पेटंटभंग हा फौजदारी गुन्हा नाही. तो दिवाणी वाद आहे. आधी वर सांगितल्याप्रमाणे नाव आणि तारीख तपासा. पुष्कळदा पेटंट संपलेलेच निघते. ते चालू असेल तर त्या कलमाच्या काड्या पुढे कोणाला देऊ नका आणि पुढच्या हंगामात त्याच खुंटावर मोकळा वाण बांधा. खुंट वाढलेला असल्यामुळे नवे कलम जोमाने येते. ‘कॉन्कर्ड’ द्राक्ष, ‘ब्राउन टर्की’ अंजीर, ‘वंडरफुल’ डाळिंब, ‘ग्रॅनी स्मिथ’ आणि ‘गोल्डन डिलिशस’ सफरचंद, ‘ब्लूक्रॉप’ ब्लूबेरी, आणि आता ‘हनीक्रिस्प’ व ‘हास’ही: परसात लावायला सर्वांसाठी मोकळे असलेले इतके वाण असताना एका नव्या नावासाठी अडून राहण्याची गरज नाही.

तुमच्या बागेत नवे काही उगवले तर

कायद्याची दुसरी बाजू हौशी माणसाने क्वचितच पाहिलेली असते. अमेरिकेचे पहिले वनस्पती-पेटंट १८ ऑगस्ट १९३१ रोजी हेन्री बोसेनबर्ग यांना ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबासाठी मिळाले, आणि बोसेनबर्ग हे न्यू जर्सीत बागा सजवण्याचे काम करणारे माळी होते. तुमच्या परसात बीपासून आलेले एखादे रोप खरोखर वेगळे आणि उत्तम फळ देऊ लागले, तर अर्ज करण्याचा हक्क तुम्हालाही आहे. त्यासाठी आधी त्याची दोन-चार कलमे करून फळ त्याच गुणांचे येते का ते पाहावे लागते, फांद्या, पाने व फळांची मोजमापे आणि रंगीत छायाचित्रे हंगामागून हंगाम नोंदवावी लागतात. मात्र ते झाड विकल्यापासून किंवा त्याची जाहीर माहिती दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. म्हणून असे फळ दिसले तर मेळाव्यात काड्या वाटण्याआधी ही तारीख ठरवून घ्यावी.